विदेशी मिनरल वॉटरच्या प्लेटवर कॉलन्याच कॉलन्या, वीस रुपयांची बाटली मात्र कोरी. आमचं काय चुकलं?

विज्ञानवाली_बाई
नमस्कार. मी नागपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. चार दिवसांपासून एका गोष्टीने डोकं पोखरलंय, म्हणून इथे विचारते आहे.

दिवाळीच्या सुटीआधी माझ्या बारा मुलांनी पाण्याचा प्रयोग केला. तीन नमुने घेतले. एक कॉलेजच्या नळाचं, म्हणजे पेंच धरणाचं पाणी. दुसरी कॅन्टीनमधली वीस रुपयांची सीलबंद बाटली. तिसरी एका मुलीच्या मामांनी युरोपातून आणलेली नैसर्गिक मिनरल वॉटरची बाटली, लेबलवर बर्फाचा डोंगर, बूच न उघडलेलं. न्यूट्रिएंट अगार, म्हणजे प्लेटमध्ये थिजवायचं जंतूंचं खाद्य, आम्ही प्रेशर कुकरमध्येच शिजवलं. प्रत्येक पाण्याचं एक मिली, तीन-तीन प्लेट. शिवाय एक प्लेट पाणी न टाकता तशीच ठेवली.

इन्क्युबेटर, म्हणजे प्लेट उबेत ठेवायची पेटी, त्याच दिवशी बंद पडलं, त्यामुळे प्लेट लॅबच्या लाकडी कपाटात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर सगळंच जवळपास कोरं. विदेशी पाण्याच्या प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे दोन-तीन ठिपके, म्हणजे जंतूंच्या कॉलन्या, तेवढे होते. मग सुटी लागली. आठव्या दिवशी कपाट उघडलं आणि मी उभीच राहिले. नळाचं पाणी कोरं. वीस रुपयांची बाटली कोरी. बिनपाण्याची प्लेट कोरी. आणि विदेशी पाण्याच्या तिन्ही प्लेटवर खसखस उधळल्यासारखं! काही पिवळ्या, काही फिक्या नारिंगी, बऱ्याचशा पारदर्शक, तिरप्या उजेडातच दिसणाऱ्या. तीनशेपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं.

आता अडचण अशी की उरलेलं पाणी त्या मुलीने प्रयोगाच्या दिवशीच पिऊन टाकलं होतं. तिला काहीही झालेलं नाही, पण ती घाबरली आहे. तिची आई मला रोज फोन करते. वरिष्ठांचं म्हणणं, प्लेट फेका आणि विषय बंद करा. मला तो असा बंद करायचा नाही. मुलांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यांना खरं उत्तर मिळायला हवं.

पाणी खराब होतं का? की आमच्या हातून काही मिसळलं? आणि आमच्या हातून मिसळलं असेल तर बाकीच्या प्लेट कोऱ्या कशा?

आरओवाला_हिंगणा
मॅडम, माझा पाण्याचा प्लांट आहे. सरळ सांगतो, ते पाणी खराब. नाव मोठं आणि लेबल सुंदर असलं म्हणजे पाणी चांगलं असं नसते. आमच्याकडे बोअरचं पाणी आधी वाळूच्या फिल्टरमधून, मग कार्बन, मग आरओ, मग यूव्ही आणि शेवटी ओझोन. भरल्यावर प्लेट लावली तर काहीच उगवत नाही. तुमच्या कॅन्टीनच्या बाटलीत तेच झालं आहे. त्या मुलीला म्हणा, आता देशी पाणीच पी.

प्लेट_मोजणारे_काका
मॅडम, पहिले त्या पोरीच्या आईला फोन लावा आणि सांगा की काळजीचं कारण दिसत नाही. मग बाकीचं निवांत वाचा.

मी एकतीस वर्षं पाण्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. काम एकच, पाणी यायचं, प्लेट लावायची, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॉलन्या मोजायच्या. विहिरींचं, टाक्यांचं, टँकरचं, पुराच्या दिवसातलं, सगळं पाणी पाहिलं. तुम्ही लिहिलेलं वर्णन वाचून मला माझ्या टेबलावरची प्लेटच दिसली. तिसऱ्या दिवशी काही नाही, आठव्या दिवशी खसखस, त्यातही पिवळी-नारिंगी. ही घाण पाण्याची लक्षणं नाहीत. नाल्याचं पाणी मिसळलेलं असतं ना, त्या प्लेटवर दुसऱ्याच दिवशी तांदळाच्या दाण्याएवढ्या मळकट, ओलसर कॉलन्या फुगून येतात. माणसाच्या आतड्यातल्या जंतूंना ऊब आणि भरपूर खाणं लागते. ते मिळालं की ते थांबत नाहीत. तुमचे हे पाहुणे हळू वाढून राहिले, थंड कपाटात वाढून राहिले. म्हणजे उपाशी राहायची सवय असलेले.

ते येतात कुठून ते सांगतो. नैसर्गिक मिनरल वॉटर म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या साठ्यातून आलेलं, झऱ्याच्या किंवा बोअरच्या तोंडाशीच भरलेलं पाणी. ते पाणी खडकातून कित्येक वर्षं झिरपत असते. त्या खडकाच्या भेगांत जिवाणू राहतात, आणि ते तिथलेच मूळचे रहिवासी असतात. स्यूडोमोनास, अ‍ॅसिडोव्होरॅक्स, हायड्रोजेनोफॅगा, स्फिंगोमोनास, फ्लेव्होबॅक्टेरियम, कॉलोबॅक्टर अशी त्यांची कुळं. पिवळा-नारिंगी रंग बहुतेक वेळा स्फिंगोमोनास आणि फ्लेव्होबॅक्टेरियम मंडळींचा. मात्र नुसता रंग पाहून नाव ठेवता येत नाही, मुलांनाही तसं करू देऊ नका.

यातला कॉलोबॅक्टर मला फार आवडतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, त्याला एक देठ असतो, आणि देठाच्या टोकाला असा डिंक की खडकाला, काचेला, प्लास्टिकला एकदा चिकटला की सुटत नाही. त्याचे दोन होतात तेव्हा एक तिथंच चिकटलेला राहतो आणि दुसऱ्याला शेपटी येते, तो पोहत जाऊन नवी जागा शोधतो. पाण्यात फॉस्फेट कमी पडलं की देठ आणखी लांब होतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चहाला बोलावलं तरी उठलो नव्हतो.

आता तुमचा खरा प्रश्न. झऱ्याच्या तोंडाशी एका मिलीत हे जंतू फार तर काही डझन असतात. पाणी बाटलीत भरलं की आठवडाभरात तेच मिलीमागे दहा हजार, लाखापर्यंत जातात. बाहेरून काही न मिसळता. याला बाटलीचा परिणाम म्हणतात, आणि १९०१ मध्ये जॉर्ज व्हिपल या अमेरिकन माणसाने तो नोंदवून ठेवला आहे. जमिनीखालचं गार पाणी खोलीच्या तापमानाला येते, भरताना हवेतला प्राणवायू मिसळतो, आणि बाटलीच्या भिंतीवर पाण्यातले अन्नाचे बारीक कण गोळा होतात. अन्न तरी किती? सेंद्रिय कार्बन लिटरमागे बहुतेक वेळा एक मिलिग्रॅमसुद्धा नसते. तेवढ्यावर लाखभर जीव पोसले जातात. मग वाढ थांबते आणि महिनोन्‌महिने संख्या तशीच राहते.

म्हणून युरोपचा नियम असा आहे की मोजणी भरल्यापासून बारा तासांच्या आतच करायची. २० ते २२ अंशांवर ७२ तासांत मिलीमागे १००, आणि ३७ अंशांवर २४ तासांत २०, याच्यावर जायचं नाही. नंतर बाटलीत जी वाढ होते ती नैसर्गिक समजतात. तुमची बाटली कारखान्यातून निघून, विमानात बसून, मामांच्या बॅगेत फिरून आली. तिच्यात तीनशेच्या वर निघाले तरी मला कमीच वाटते. त्याचं कारण तुमचा न्यूट्रिएंट अगार. उपाशी राहणाऱ्याला एकदम पंगतीत बसवलं तर त्याला झेपत नाही, तसं या जंतूंना ते जड पडते. त्यांच्यासाठी पातळ मिडियम, म्हणजे कमी खाणं असलेलं अगार, लागते, आर-टू-ए म्हणून. १९८५ मध्ये रिझनर आणि गेल्डराइख यांनी ते पिण्याच्या पाण्यासाठीच केलं. त्याच्यावर लावलं असतं तर तुम्हाला मोजायच्या आधी पाणी शंभरपट पातळ करावं लागलं असतं.

हिंगण्याचे भाऊ, तुमच्या प्लांटचं पाणी स्वच्छ असेल, त्यात मला शंका नाही. पण तुमचं पाणी आणि ते पाणी हे दोन वेगळे प्रकार आहेत. आपल्या नागपुरात कोणतीही बाटली म्हणजे बिसलरी आणि कोणतंही बंद पाणी म्हणजे मिनरल वॉटर, तिथून हा घोळ सुरू होतो. वीस रुपयांच्या बाटलीवर बारीक अक्षरात पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर लिहिलेलं असते, त्याचा भारतीय मानक क्रमांक १४५४३. नैसर्गिक मिनरल वॉटरचा १३४२८. पहिल्यात पाणी कुठलंही घ्या, गाळा, जंतू मारा, सगळं चालते. युरोपात दुसऱ्या प्रकाराला जंतू मारायचा उपाय करायलाच मनाई आहे. लोह, गंधक काढायला गाळता येते, कार्बन डायऑक्साइड घालता-काढता येतो, पण क्लोरीन नाही, यूव्ही नाही.

मनाई काऊन? कारण जंतू मारता येतात म्हटलं की झरा सांभाळायची गरज उरत नाही. वरच्या गोठ्याचं पाणी झिरपलं तरी यूव्ही लावून विकता येईल. त्यापेक्षा नियम असा ठेवला की झराच असा राखा, की पाणी तसंच पिता येईल. मला हा विचार पटतो. माझ्या नोकरीत मी कितीदा पाहिलं की विहिरीभोवती चर खणायचा आणि ओटा बांधायचा सोडून लोक ब्लीचिंग पावडर दुप्पट करतात.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी फक्त कौतुक केल्यासारखं होईल. १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा बाटलीबंद मिनरल वॉटर हे एक कारण निघालं. चुनखडीच्या खडकातला झरा होता, भेगांतून वरची घाण न गाळता खाली गेली. पाणी बिनफसफसणारं होतं. फसफसत्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडमुळे आंबटपणा येतो आणि जंतू टिकत नाहीत. तेव्हा नैसर्गिक म्हटलं की निर्धोक, असं काही नाही. म्हणूनच २५० मिलीत आतड्यातला ई. कोलाय एकही चालत नाही आणि स्यूडोमोनासच्या कुळातला त्रासदायक भाऊ, स्यूडोमोनास एरुजिनोसा, तोही एकही नाही. पाण्यात जंतू किती आहेत यापेक्षा कोणते आहेत हे पाहावं लागते.

आता नळाच्या पाण्याची प्लेट कोरी का, ते पण ऐका. तुम्ही नमुन्यात थायोसल्फेट, म्हणजे क्लोरीनचा जोर घालवणारं रसायन, टाकलं होतं का? नसेल तर पाण्यातला क्लोरीन प्लेटवर जाईपर्यंत, आणि गेल्यावरही, जंतू मारत राहिला. ती कोरी प्लेट खरी धरू नका. लॅबमध्ये नळाच्या नमुन्याच्या बाटलीत आधीच थायोसल्फेट टाकून ठेवतात.

विज्ञानवाली_बाई
काका, फोन केला. तिच्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग त्या पाण्यात दह्यासारखे जंतू आहेत म्हणू का?" मी हो म्हणाले. बरोबर बोलले ना?

थायोसल्फेट टाकलं नव्हतं. माझंच चुकलं. उद्या वर्गात आधी तेच सांगणार.

एक शंका. माझ्या पिवळ्या कॉलन्यांत तो एरुजिनोसा नसेलच हे मी मुलांना कशावरून दाखवू? तुम्ही म्हणता म्हणून, असं मला सांगायचं नाही.

प्लेट_मोजणारे_काका
हे विचारलंत ते फार चांगलं केलं.

दह्याचं अर्धं बरोबर. संख्येची भीती घालवायला ती तुलना चांगली आहे. दह्याच्या एका ग्रॅममध्ये किमान एक कोटी जिवंत जंतू असावेत असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे, त्यापुढे हे काहीच नाही. पण दह्यातले जंतू आपण विरजण लावून मुद्दाम वाढवतो. पाण्यातले जंतू पोटाला काही फायदा करतात असं तिला सांगू नका. ते खडकातले आहेत, त्यांचं आपल्याशी घेणंदेणं नाही. काही प्रयोगांत असं दिसलं की हे मूळचे जंतू असले तर बाहेरून आलेल्यांचा टिकाव कमी लागतो, अन्न आधीच वाटलं गेलेलं असते म्हणून. त्यावर भिस्त ठेवू नये.

आता ओळख. स्यूडोमोनासच्या कुळात दोन भाऊ समजा. फ्लुओरेसेन्स हा झऱ्यातला, गार पाण्यातला. एरुजिनोसा हा दवाखान्यातला त्रासदायक, भाजलेल्या जखमेत, आयसीयूत शिरणारा. दोघंही यूव्ही दिव्याखाली हिरवट चमकू शकतात, तेव्हा चमकण्यावर जाऊ नका. फरक तापमानाचा आहे. एरुजिनोसा ४२ अंशांवर मजेत वाढतो. फ्लुओरेसेन्स वाढत नाही. मी नव्या पोरांना शिकवताना सांगायचो, ज्याला नागपूरचा मे महिना सोसतो तो एरुजिनोसा. शिवाय तो बहुतेक वेळा निळसर-हिरवा रंग सोडतो आणि त्याच्या प्लेटला पिकल्या द्राक्षासारखा गोड वास येतो. पण वास घ्यायला मुलांना प्लेट उघडू देऊ नका, तुम्हीही उघडू नका. प्लेटच्या कडा टेपने बंद ठेवा आणि काम झालं की कुकरमध्ये वीस मिनिटं शिट्टीखाली ठेवूनच फेका.

ओळखीची पॅथॉलॉजी लॅब असेल तर त्यांना विचारा. सेट्रिमाइड अगारवर, म्हणजे एरुजिनोसा निवडून वाढवायच्या मिडियमवर, चार वेगवेगळ्या कॉलन्या लावा आणि ४२ अंशांवर दोन दिवस ठेवा म्हणावं. काही उगवलं नाही तर त्या चार कॉलन्या एरुजिनोसा नाहीत, एवढंच सिद्ध होते. पूर्ण बाटलीत तो नाही हे सिद्ध होत नाही, कारण नियम २५० मिली पाणी फिल्टरमधून गाळून पाहायचा आहे आणि तुम्ही एक मिली घेतलं. हा फरक फळ्यावर लिहा.

आणि मुलांना एकदा नीरीच्या फाटकापर्यंत तरी घेऊन जा. आपल्या गावात पाण्यावर काम करणारी एवढी मोठी संस्था १९५८ पासून आहे, तेव्हा नाव केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था होतं, १९७४ मध्ये नीरी झालं. २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा नमुने तिथंच आले होते. पुण्याच्या आघारकर संस्थेनेही तपासले, तो रंग खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला. लोणारचे लोणारला, झऱ्याचे झऱ्याला, ज्याचं त्याचं पाणी ठरलेलं असते.

आरओवाला_हिंगणा
काका, तुमचं वाचून मी माझ्याकडची तीन महिने जुनी बाटली लॅबला दिली होती. ताज्या बाटलीत शून्य, जुनीत मिलीमागे चाळीस निघाले. मी तर घाबरलो होतो की माझ्या लाइनमध्ये काही शिरलं.

प्लेट_मोजणारे_काका
ओझोनचा असर भरल्यानंतर थोडाच वेळ राहतो, तो गेला की वाचलेले एक-दोन पुन्हा डोकं वर काढतात. ई. कोलाय आणि एरुजिनोसा नसेल तर चाळीसचं टेन्शन घेऊ नका. तुम्ही स्वतःहून तपासलं, हे मला फार आवडलं. तुम्हाला खरी काळजी घ्यायची असेल तर वीस लिटरचे जार पाहा. परत आलेल्या जारच्या तोंडातून बोट घालून आतली भिंत चोळा. बुळबुळीत लागली तर तो जंतूंचा थर आहे, नुसतं विसळून जात नाही. उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवाबाहेर उन्हात ठेवलेले जार पाहिले की मला अजूनही वाटते उचलून सावलीत ठेवावे.

दोन_लेकरांची_आई
मध्येच विचारते, माफ करा. माझं बाळ पाच महिन्यांचं आहे, वरचं दूध पावडरचं देते. घरातले म्हणतात महागडं मिनरल वॉटर वापर, ते उकळायची गरज नाही. हे वाचून आता मला काय करू कळत नाही.

प्लेट_मोजणारे_काका
उकळाच, ताई. पाणी कोणतंही असो, नळाचं, आरओचं की मिनरल. बाटलीतलं पाणी जंतुविरहित नसते, हे तर वरच्या प्लेटने दाखवलंच. पाण्याला खळखळ उकळी येऊ द्या आणि ते ७० अंशांच्या खाली यायच्या आत पावडर मिसळा. कारण पावडरीतही जंतू असू शकतात, ते गरम पाण्यानेच मरतात. मग बाटली नळाखाली धरून कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून पाहूनच पाजा. उकळल्याने सोडियम आणि फ्लोराइड जात नाही, म्हणून लेबल वाचा, जास्त खनिजाचं पाणी बाळाला नको. आपल्या विदर्भात यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही बोअरना फ्लोराइड आहे, तिकडून पाणी येत असेल तर तपासून घ्या. घरात कुणाचं केमो चालू असेल, कुणाची किडनी बदललेली असेल, त्यांच्यासाठीही उकळलेलंच. बाकी डॉक्टर सांगतील तसं.

विज्ञानवाली_बाई
नऊ दिवसांनी लिहिते आहे. मैत्रिणीच्या लॅबमध्ये चार कॉलन्या सेट्रिमाइडवर ४२ अंशांना ठेवल्या. अठ्ठेचाळीस तासांनी चारही जागा कोऱ्या. काकांचं वाक्य फळ्यावर लिहिलं: या चार कॉलन्या नाहीत, बाटलीचं माहीत नाही. एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग आपल्याला काय कळलं?" त्यावर तास संपेपर्यंत मुलंच बोलत होती.

नळाचा नमुना थायोसल्फेट टाकून पुन्हा लावला. यावेळी तीन प्लेटवर मिळून अकरा कॉलन्या आल्या. अकरा म्हणजे फार नाहीत, पण कोरी प्लेट खोटी होती हे मुलांना दिसलं.

आता मुलांना एकाच पाण्याच्या चार बाटल्या आणायच्या आहेत, उघडायच्या एक-एक करून, आज, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी. जिच्या मामांनी बाटली आणली होती ती मुलगी म्हणाली, मोजणी ती करणार. पातळ मिडियमची पावडर मागवली आहे. काका, पाणी शंभरपट पातळ करायचं म्हणजे एक मिली नव्व्याण्णवमध्ये, बरोबर? आणि पातळ करायला साधं डिस्टिल्ड वॉटर चालेल का?

प्लेट_मोजणारे_काका
एक मिली नव्व्याण्णवमध्ये, बराबर. पण नुसतं डिस्टिल्ड नको, त्यात जंतू फुटू शकतात. त्याच मिनरल वॉटरच्या आणखी एका बाटलीतलं पाणी काचेच्या भांड्यात घेऊन कुकरमध्ये निर्जंतुक करून थंड करा आणि त्यानेच पातळ करा, त्यांना घरचंच पाणी मिळेल. निर्जंतुक केलेल्या पाण्याचीही एक प्लेट वेगळी लावा. पिपेट प्रत्येक वेळी नवं. आणि बाटली उघडायच्या आधी दहा-वीस वेळा उलटी-सुलटी करा, नाहीतर भिंतीला चिकटलेले मोजणीत येणार नाहीत.

माझ्याकडे बोटाने दाबून मोजायचं जुनं टिक-टिक काउंटर पडून आहे, चालू स्थितीत. त्या पोरीसाठी ठेवतो. कोणत्या दिवशी येऊ ते कळवा.